खात्यातले पैसे कुणाचे?

‘एक लाख अठरा हजारांचं बिल लावलं, खात्यात एक लाख आठ हजारच आले. दहा हजार कुठे गेले, काका?’ नोकरी सोडून नुकताच काँट्रॅक्टवर काम करू लागलेल्या एका मुलाचा हा प्रश्न. पहिलंच बिल, त्यामुळे आवाजात थोडा राग आणि आपल्याला कुणीतरी टोपी घातली की काय, ही शंका. उत्तर अर्ध्या मिनिटाचं. ते दिलं, विषय संपला. डोक्यात राहिलं ते वेगळंच. जे दहा हजार आले नाहीत ते त्याचेच आहेत, सरकारकडे त्याच्या पॅनवर जमा होणार आहेत. आणि जे एक लाख आठ हजार आलेत, त्यांतले अठरा हजार त्याचे नाहीतच. त्यांच्याबद्दल त्याने विचारलंच नाही.

नोकरीत माणसाला ही सवय लागतच नाही. महिनाअखेरीला खात्यात पडेल ते आपलं, कापलं गेलं ते गेलं, आणि जूनमध्ये फॉर्म सोळा, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, हातात आला की हिशेब मिटला. मधली सगळी खटपट कंपनीच्या अकाउंट्सने केलेली असते. काँट्रॅक्टवर गेलं की ते अकाउंट्स खातं आपल्याच जेवणाच्या टेबलावर येऊन बसतं, आणि बहुतेक जण त्याच्याकडे जुलैपर्यंत पाठ फिरवतात. मग एक कापडी पिशवी सीएकडे जाते. तिच्यात बँकेचे उतारे, इंटरनेटची बिलं, हॉटेलच्या पावत्या, आणि उन्हाळाभर खणात पडून पांढऱ्याफटक झालेले थर्मल कागदाचे तुकडे. त्यांच्यावर एकेकाळी काहीतरी छापलेलं होतं, एवढंच बोटाला कळतं. (थर्मल पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. बाकी शहाणपण नंतर शिकलं तरी चालेल.)

त्या पहिल्या बिलाकडे जरा जवळून बघू, कारण पुढचं सगळं त्याच्याच पोटात आहे. कामाची रक्कम १,००,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं, म्हणून ९,००० केंद्राचा आणि ९,००० राज्याचा. एकूण १,१८,०००. गिऱ्हाईक पैसे देताना १० टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने सरकारकडे भरायचा आयकर, कापतं, पण तो १,००,००० वर, जीएसटीवर नाही; बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर तो वगळूनच टीडीएस कापायचा, असं परिपत्रक २०१७ पासून आहे. म्हणून १०,००० गेले, १,०८,००० आले. वहीत हे चार ठिकाणी बसतं (हातात आलेलं किंवा येणं ते ‘नावे’, विक्री आणि देणं ते ‘जमा’): विक्री १,००,००० जमा, जीएसटी देणे १८,००० जमा, बँक १,०८,००० नावे, टीडीएस येणे १०,००० नावे. दोन्ही बाजू १,१८,०००. जुना मुनीम याला पाच सेकंद घेईल. नवा काँट्रॅक्टर मात्र बँकेचा उतारा हीच वही समजतो आणि १,०८,००० हे उत्पन्न धरतो. दुसरा अतिशहाणा अठरा हजार वजा करतो आणि ९०,००० धरतो. दोघेही चुकतात, कारण सरकारच्या २६-एएस मध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, त्याच्या नावासमोर १,००,००० दिसत असतात आणि रिटर्नमधला आकडा त्याच्याशीच ताडून बघितला जातो.

कधी गिऱ्हाइकाचाच अकाउंटंट घाईत १,१८,००० वर टीडीएस कापतो. मग ११,८०० जातात, १,०६,२०० येतात, आणि २६-एएस मध्ये १,१८,००० चं उत्पन्न उमटतं. जास्तीचे १,८०० बुडत नाहीत, परताव्यात मिळतात. पण वर्षाला अशी बारा बिलं झाली की रिटर्नमधली जमा आणि सरकारी कागदावरची जमा यांत २,१६,००० चा फरक दिसतो आणि कधीतरी त्याचा खुलासा मागणारी ईमेल येते. खुलासा सोपा आहे, बिलांची यादी आणि जीएसटीची रिटर्न्स जोडली की झालं. फक्त ती यादी तेव्हा तयार असायला हवी. पहिल्याच बिलाच्या वेळी गिऱ्हाइकाला दोन ओळींचा मेल टाकणं त्याहून सोपं, पण नवं गिऱ्हाईक दुखवायची भीती असते, आणि तो मेल राहून जातो.

उलट बाजूचीही गंमत आहे. काही कंपन्या व्यावसायिक सेवेचा १० टक्के न कापता ठेकेदारीच्या कलमाखाली १ टक्काच कापतात. माणूस खूश होतो. पण करदायित्व तेवढंच राहतं, फक्त भरायची जबाबदारी त्याच्या अंगावर येते, आणि सल्लागाराचं काम सरकारी नोंदीत ठेकेदारी म्हणून दिसू लागतं.

आता वेळेचा गुंता. गिऱ्हाइकाने मार्चमध्ये कापलेला टीडीएस भरायची मुदत ३० एप्रिल, त्याचं तिमाही विवरण ३१ मे पर्यंत, आणि त्यानंतर ते तुमच्या २६-एएस मध्ये दिसतं. म्हणून एप्रिलमध्ये उत्साहाने रिटर्न भरायला बसणाऱ्याला शेवटच्या तिमाहीचा टीडीएस सापडत नाही. तो गेला कुठेच नाही, जूनच्या मध्यापर्यंत थांबायचं. याहून चिवट प्रकार ३१ मार्चच्या बिलाचा. गिऱ्हाईक ते मार्चमध्येच खर्ची टाकतं आणि टीडीएस त्याच वर्षात दाखवतं; पैसे तुम्हाला एप्रिलमध्ये मिळतात. तुम्ही रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवत असाल तर तुमचं उत्पन्न पुढच्या वर्षाचं, टीडीएस मात्र या वर्षात उभा. अशा वेळी तो टीडीएस या वर्षी घ्यायचा नाही, रिटर्नमधल्या टीडीएसच्या तक्त्यात पुढे ओढायचा आणि उत्पन्न दाखवाल त्या वर्षी वापरायचा. तक्त्यात त्यासाठी रकाना आहे. बहुतेकांना तो दिसत नाही, कारण पोर्टल आधीच भरून आलेलं असतं आणि आपण फक्त ‘कन्फर्म’ दाबत जातो.

आयकराची मूळ बाजू मात्र या मंडळींसाठी बरीच उदार आहे. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, तांत्रिक सल्लागार अशा व्यावसायिकांना आयकराच्या कलम चव्वेचाळीस एडीएची सवलत आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, तरी लोकांच्या तोंडी हाच आकडा राहील असं दिसतं. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल, किंवा रोखीची जमा ५ टक्क्यांहून जास्त नसताना ७५ लाखांच्या आत, तर निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची आणि खर्चाच्या पावत्यांचा प्रश्न मिटला. जमा म्हणजे कामाची एकूण रक्कम, जीएसटी वगळून. नव्या करपद्धतीच्या २०२५-२६ च्या दरांनी हिशेब केला तर २४ लाखांच्या जमेवर १२ लाख उत्पन्न, त्यावर ६०,००० कर, आणि तेवढीच सूट. कर शून्य. कापलेले २,४०,००० सगळे परत. मात्र त्या १२ लाखांवर बचत खात्याचं व्याज दहा हजार आलं की शून्य संपतं: उत्पन्न १२,१०,०००, साधा हिशेब ६१,५०० सांगतो, पण सीमांत सवलतीने कर त्या वरच्या दहा हजारांएवढाच राहतो, अधिक ४ टक्के उपकर. म्हणजे १०,४००. एफडीचं व्याज विसरलेल्यांना परतावा कमी का आला ते कळत नाही, त्याचं उत्तर बहुधा इथे असतं.

या निम्म्याच्या सवलतीबद्दल मन थोडं दुभंगलेलं राहतं. घरून काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याचा खरा खर्च किती? एक लॅपटॉप, इंटरनेट, दोन-चार सबस्क्रिप्शन्स, कधीमधी प्रवास. जमेच्या दहा टक्केही भरत नाही. कायद्याची भाषा ‘निम्मे, किंवा त्याहून जास्त जे तुम्ही मिळवल्याचं सांगाल ते’ अशी आहे, आणि या ‘किंवा’वर सीए मंडळींची दोन मतं आहेत. एक म्हणतं निम्मे दाखवा, कायद्याने दिलेलं आहे. दुसरं म्हणतं, वर्षभरात ३० लाखांची जमा, २५ लाखांची गुंतवणूक आणि दाखवलेलं उत्पन्न १५ लाख, हे सगळं एकाच पॅनवर दिसत असताना कुणी विचारलं तर काय सांगाल? मला दुसरं मत जवळचं वाटतं. निदान खऱ्या खर्चाचा एक साधा तक्ता स्वतःपाशी असावा, कुणी मागो न मागो. निम्म्याहून कमी नफा दाखवायचा असेल तर मात्र मोकळीक नाही: उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर पूर्ण वह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही आलं.

परदेशी गिऱ्हाइकाचं गणित वेगळं. तिथे टीडीएस नाही, सगळी रक्कम खात्यात, आणि म्हणूनच धोका जास्त. ४० लाखांची जमा, २० लाख उत्पन्न, नव्या दरांनी कर २,००,००० आणि उपकर ८,०००. देशी गिऱ्हाईक असतं तर ४ लाख आधीच कापले गेले असते आणि माणूस परताव्याची वाट बघत बसला असता. (दरवर्षी असं होत असेल तर कमी दराने टीडीएस कापण्याचा दाखला आयकर खात्याकडून घेता येतो. अर्ज ऑनलाइन आहे, पण करतात फार थोडे.) परदेशी गिऱ्हाइकवाल्याला हे २,०८,००० स्वतः आगाऊ भरायचे असतात. चव्वेचाळीस एडीएवाल्यांना एकच हप्ता, १५ मार्च. बाकीच्यांना चार: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चला पूर्ण. १५ मार्च चुकवून जुलैत रिटर्नबरोबर भरले तर आगाऊ हप्ता चुकल्याचं एका महिन्याचं एक टक्का व्याज, २,०८०, आणि एप्रिलपासून जुलैपर्यंत दर महिन्याला तेवढंच, ८,३२०. एकूण १०,४००. मोठा दंड नव्हे. पण मार्चमध्ये ती रक्कम खात्यातच होती, म्हणून जास्त टोचतो.

यावर उपाय म्हणून दुसरं बचत खातं उघडून ठेवावं, असं सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. पैसे आले त्याच दिवशी जीएसटीची पूर्ण रक्कम, आणि टीडीएस कापलेला नसेल तर जमेच्या पाच-सहा टक्के, तिकडे हलवायची. टक्केवारी आपल्या करपट्ट्याप्रमाणे. वरच्या उदाहरणात २,०८,००० म्हणजे ४० लाखांचे ५.२ टक्के. उरलेल्यातून घरखर्चाला जी काढाल ती उचल. तो पगार नाही आणि खर्चही नाही. प्रोप्रायटर, म्हणजे कंपनी न काढता स्वतःच्या नावाने काम करणारा, स्वतःला पगार देऊ शकत नाही, ही गोष्ट पचायला वेळ लागतो.

जीएसटीकडे वळू, कारण रात्रीची झोप बहुतेकांची तोच खातो. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात २० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं असलं तरी. मात्र निर्यातीची जमाही या २० लाखांत मोजली जाते, ‘मी तर फक्त अमेरिकेला बिल करतो’ म्हणून सुटका नाही. नोंदणी घरच्या पत्त्यावर होते: वीजबिल, आणि घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र. नियमाप्रमाणे दारावर जीएसटी क्रमांकाची पाटी लावायची. ही पाटी अधिकाऱ्याच्या आधी सोसायटीचे सेक्रेटरी वाचतात आणि ‘फ्लॅटमध्ये धंदा काढलात का?’ म्हणून जिन्यात अडवतात, तेव्हा ‘लॅपटॉपवर काम करतो हो’ एवढं उत्तर पुरतं.

बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांच्या आत, वर्षभर अखंड क्रमाने. क्रमांक गाळायचा नाही. बिल रद्द झालं तर तेही नोंदवायचं. गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघायचे: २७ असेल तर महाराष्ट्र, केंद्र-राज्य नऊ-नऊ, २९ म्हणजे कर्नाटक, मग पूर्ण १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या व्यवहाराचा जीएसटी. इथे नेहमीची फसगत होते. तुम्ही बसता पुण्याच्या ऑफिसात, साहेब पुण्याचे, चहा पुण्याचा, पण खरेदीआदेश बंगळुरूच्या नोंदणीवर निघालेला. बिल बंगळुरूच्या नोंदणीवर, म्हणून आयजीएसटी. चुकून नऊ-नऊ भरले तर ते सरकारकडेच राहतात, तरी आयजीएसटी पुन्हा भरावा लागतो आणि आधीच्याचा परतावा मागावा लागतो. व्याज लागत नाही, एवढाच दिलासा.

आणि जीएसटी बिलावर लागतो, पैसे आल्यावर नाही. ३० तारखेला रात्री उत्साहाने लावलेल्या १,१८,००० च्या बिलाचे १८,००० मासिक रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या २० तारखेला भरावे लागतात; गिऱ्हाईक साठ दिवसांनी पैसे देणार असलं तरी. म्हणून जाणती माणसं आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, पाठवतात, गिऱ्हाइकाची मंजुरी आली की पक्कं बिल, आणि शक्य तिथे ते पुढच्या महिन्याच्या १ तारखेला. कामानंतर ३० दिवसांची मुदत कायदाच देतो, तिच्यात राहून. उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर तिमाही पद्धत घेता येते. महाराष्ट्रात आणि गोव्यात तिमाहीचं थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, पुढच्या महिन्याच्या २२ पर्यंत, पण मधल्या दोन महिन्यांचा कर २५ तारखेपर्यंत चलनाने भरावाच लागतो. शिवाय मोठी गिऱ्हाइकं ‘आमच्या टू-बी मध्ये तुमचं बिल दिसत नाही’ म्हणून जीएसटीचे पैसे अडवून धरतात (टू-बी म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची पोर्टलवर आपोआप तयार होणारी यादी). त्यासाठी तिमाहीवाल्यांनी १३ तारखेपर्यंत ते बिल आयएफएफ या पोर्टलवरच्या सोयीत चढवायचं. मग वाचलं काय, असा प्रश्न पडतो. मला विचाराल तर फार काही नाही; दोन-तीन कॉर्पोरेट गिऱ्हाइकं असतील तर मासिक पद्धतच बरी, डोकं एका तालात राहतं. २० तारखेला संध्याकाळी सात वाजता पोर्टलवर फिरणारं चक्र बघत, मोबाइल हातात धरून ओटीपीची वाट बघणं ज्यांनी अनुभवलंय, ते १५ तारखेलाच मोकळे होतात. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, शून्य रिटर्नला २०, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज.

खरेदीवरचा जीएसटी वजा करून मिळतो, ही बाजू लोक हाताने घालवतात. ८०,००० चा लॅपटॉप, १४,४०० कर. हे १४,४०० तुमच्या १८,००० मधून वजा होऊन ३,६०० च भरावे लागतील, पण दुकानदाराच्या बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक असेल आणि त्याने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये चढवलं असेल तरच. नुसतं नाव टाकून भागत नाही. दर महिन्याच्या १४ तारखेला टू-बी तयार होतं, त्यात आपली खरेदी दिसते का बघायचं, न दिसली तर दुकानदाराला तेव्हाच फोन. आयकरात निम्मे दाखवून खर्चाचा प्रश्न मिटवला असला तरी इथली वजावट मिळते, कारण तो कायदाच वेगळा. मिळत नाही ती पणजीतल्या हॉटेलची. गोव्यात कामाला गेलात, दोन रात्री राहिलात, बिलावर आपला क्रमांकही घातलात; तरी हॉटेलची सेवा तिथलीच धरली जाते, कर केंद्राचा आणि गोव्याचा लागतो, आणि महाराष्ट्राच्या नोंदणीवर तो घेता येत नाही.

परदेशी सबस्क्रिप्शन्सचं तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. क्लाउड सर्व्हर, डिझाइनची साधनं, कार्डावर दर महिन्याला वीस-तीस डॉलर. तुमचा जीएसटी क्रमांक त्या खात्यात घातलेला असेल तर ती कंपनी कर लावत नाही, आणि मग उलट आकारणीने १८ टक्के आयजीएसटी तुम्हीच भरायचा. तो जमा असलेल्या वजावटीतून भागवता येत नाही, रोखच भरावा लागतो. भरल्यावर वजावट म्हणून परत घेता येतो. या खिशातून त्या खिशात. पण भरला नाही तर व्याज खऱ्या पैशांत लागतं.

निर्यातवाल्यांसाठी एलयूटी. कर न भरता परदेशी बिल लावायची ही हमी दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावी लागते, फुकट, दहा मिनिटांत. ३१ मार्चला जुनी संपते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हे विसरणारे इतके आहेत की मोबाइलमध्ये वार्षिक आठवण लावून ठेवण्यात लाज नाही. बिल १,००० डॉलरचं आणि मधल्या बँकांनी कापून ९८५ डॉलरचे रुपये आले, तर विक्री १,००० चीच. पंधरा डॉलर हे बँकेचं शुल्क. आणि प्रत्येक जमेचा बँकेचा दाखला डाउनलोड करून त्याच बिलाच्या फोल्डरमध्ये टाकायचा, तीन वर्षांनी बँकेकडे मागायला जायचं नाही.

यातच एक छोटा कर दडलेला आहे, व्यवसाय कर. नोकरीत दर महिन्याला दोनशे रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत तीनशे, त्यामुळे तो कुणाच्या लक्षातही नसतो. स्वतःचं काम सुरू केलं की नोंदणी करून वर्षाला २,५०० एकरकमी, ३० जूनपर्यंत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला १९७५ साली महाराष्ट्राने हा कर बसवला. दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना शहरातल्या पगारदाराने दिलेला वाटा. सगळ्या करांत हा एकच भरताना मला कुरकूर करावीशी वाटत नाही.

मग प्रायव्हेट लिमिटेड काढू का, हा प्रश्न येतोच. एकट्या माणसाची कंपनी, ओपीसी, हीसुद्धा निघते. कार्डावर ‘डायरेक्टर’ छापता येतं, आणि काही मोठी गिऱ्हाइकं कंपनीशिवाय व्हेंडर नोंदवतच नाहीत, हे खरं कारण आहे. पण कर वाचवायला काढत असाल तर आकडे बघा. कंपनीला चव्वेचाळीस एडीए नाही. २४ लाखांची जमा, ३ लाख खर्च, २१ लाख नफा, आणि २२ टक्के कर, त्यावर १० टक्के अधिभार, वर ४ टक्के उपकर मिळून २५.१६८ टक्के: ५,२८,५२८. स्वतःला १२,७५,००० पगार दिलात तर पगारावर मिळणाऱ्या प्रमाणित वजावटीमुळे तुमचा कर शून्य आणि कंपनीचा नफा ८,२५,०००, कर २,०७,६३६. प्रोप्रायटरला तेवढ्याच जमेवर शून्य होता. उरलेले पैसे कंपनीचे. लाभांश म्हणून काढले तर तुमच्या हातात पुन्हा कर, उसने म्हणून काढले तरी तो लाभांशच धरला जाऊ शकतो. उलाढाल शून्य असली तरी लेखापरीक्षण सक्तीचं. ताळेबंदाचा आणि वार्षिक विवरणाचा असे दोन फॉर्म कंपनी निबंधकाकडे जातात, उशिराला प्रत्येकी दिवसाला शंभर रुपये; दोन्ही वर्षभर राहिले तर ७३,०००. बंद पडलेल्या कंपन्यांचे मालक हा आकडा ऐकून पाणी मागतात.

वह्या स्वतः ठेवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. एका साध्या शीटमध्ये बिल क्रमांक, तारीख, रक्कम, जीएसटी, टीडीएस, प्रत्यक्ष आलेले, आल्याची तारीख, २६-एएस मध्ये दिसलं का, हे रकाने पुरतात. महिन्यातून एक रविवार सकाळ. सीएकडे जायचं ते निर्णयासाठी. नवी करपद्धत की जुनी, हे ठरवताना नक्की, कारण पगारदाराला दरवर्षी बदलता येतं, पण व्यवसायाचं उत्पन्न असणारा एकदा नवीतून बाहेर पडला तर परत यायची संधी एकदाच. नोटीस आली तर. परदेशी खातं किंवा परदेशी शेअर असतील तर, कारण मग सोपा चार नंबरचा रिटर्न चालत नाही. उद्यमची, म्हणजे सरकारी यादीत लघुउद्योग म्हणून, नोंदणी मात्र स्वतःच करता येते, आणि ती करावी: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंतही थकले तर गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षात वजा मिळत नाही. मार्चमध्ये थकलेलं बिल वसूल करताना हे वाक्य मेलमध्ये नम्रपणे घालता येतं. काम होतं.

सुरुवात सगळे विचारून करतात, शेवट कुणी विचारत नाही. दोन-तीन वर्षांनी चांगली नोकरी मिळते, काँट्रॅक्टिंग थांबतं, आणि जीएसटीची नोंदणी तशीच जिवंत राहते, शून्य रिटर्न्सचं विलंबशुल्क साठत. रद्द करायचा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हा शेवटचा रिटर्न. त्यात तो लॅपटॉप पुन्हा भेटतो. त्याचं आयुष्य साठ महिने धरलं जातं. चोवीस महिने वापरून झाले असतील तर उरलेल्या छत्तीस महिन्यांची वजावट, १४,४०० पैकी ८,६४०, सरकारला परत करायची, किंवा त्याच्या आजच्या किमतीवरचा कर जास्त असेल तर तो. व्यवसाय कराची नोंदणीही वेगळा अर्ज करून बंद करायची, नाहीतर पगारातून कापला जात असतानाच दरवर्षी २,५०० ची थकबाकी उभी राहते. दुसरं बचत खातं मात्र लगेच बंद करू नये. शेवटच्या वर्षाचं रिटर्न भरून परतावा येईपर्यंत त्यात थोडी शिल्लक लागते.